दहावी पेशी

शेवाळाविषयीं आमचें मत कधींच फारसें अनुकूल नव्हतें. ज्याचें बाळपण कोंकणांत गेलें त्याचें तें असूंही शकत नाहीं. विहिरीच्या काठावर, न्हाणीच्या दगडावर, देवळाच्या पायरीवर हा हिरवा वैरी पावसाळाभर दबा धरून बसलेला असतो, आणि वय किंवा पदवी पाहून तो कोणाची गय करीत नाहीं. गेल्या गणपतींत त्यानें आम्हांला विहिरीपाशीं साष्टांग दंडवत घालावयास लावलें, तेव्हां कंबर चोळीत आम्हीं त्याचा जो उद्धार केला तो भाषेच्या अध्यापकास शोभण्यासारखा नव्हता. दादांची मुलगी हात देऊन आम्हांला उठवीत म्हणाली, "काका, शिव्या देऊं नका हो. ह्यांच्याच भाऊबंदांवर माझा प्रबंध चालला आहे."

आमची ही पुतणी जनुकांच्या नियमनावर संशोधन करते एवढें आम्हांस ठाऊक होतें. घरांतील तरुण मंडळींच्या विषयांचीं नांवें ऐकून मान डोलावण्याची कला आम्हांला चांगली साधली आहे. त्यामुळें त्यापलीकडे विचारण्याची वेळ कधीं आली नव्हती. त्या दिवशीं मात्र कंबरेमुळें आम्ही एका जागीं खिळलेलों होतों, आणि तिला आयताच श्रोता मिळाला. संध्याकाळीं तिनें घरामागच्या भातखाचरांतलें पाणी फुलपात्रांतून आणलें, शाळेंत असतांना दादांनीं घेऊन दिलेला जुना सूक्ष्मदर्शक माळ्यावरून काढला, आणि पाण्याचा एक थेंब कांचेवर ठेवून आम्हांला डोळा लावावयास सांगितलें.

आम्हांला दिसली ती एक माळ. निळसर हिरव्या रंगाचे बारीक मणी एकाला एक चिकटून ओंवलेले, आणि दहा-पंधरा मण्यांमागें एखादा मणी निराळाच: किंचित् मोठा, फिकट, जाड कवचाचा, दोन्ही टोंकांशीं चमकणारा ठिपका असलेला. ह्या माळेचें नांव अ‍ॅनाबीना. जुने वनस्पतिशास्त्रज्ञ हिला नीलहरित शैवाल म्हणत. आतां ती जात जीवाणूंची ठरली आहे, तरी जुनें नांव तिला अजून चिकटून आहे. त्या फिकट मण्याला हेटरोसिस्ट म्हणतात, म्हणजे नुसतें 'निराळी पेशी'. नांव ठेवणाराला तिच्याविषयीं याहून अधिक कांहीं कळलें नव्हतें हें उघड आहे. १९५१ सालींसुद्धां फ्रिट्श या इंग्रज शैवालशास्त्रज्ञानें तिला वनस्पतिशास्त्रांतलें एक कोडेंच म्हटलें होतें.

कोडें उलगडूं लागलें तें १९६८ सालीं. फे, स्ट्यूअर्ट, वॉल्स्बी आणि फॉग ह्या चौघांनीं असें सुचविलें कीं, हवेंतला नायट्रोजन पकडून त्याचें अन्न करण्याचें काम ही निराळी पेशी करीत असावी, आणि पुढें तें खरें ठरलें. हेंच काम कारखान्यांत करावयाचें तर चारपांचशें अंशांची उष्णता आणि शेंकडों वातावरणांचा दाब लागतो. पेशी तें भातखाचराच्या गारव्यांत करते. परंतु ज्या विकराच्या साहाय्यानें करते त्याला प्राणवायूचें वावडें आहे. प्राणवायु लागला कीं तो नासला. इकडे माळेंतल्या हिरव्या पेशी तर सूर्यप्रकाशांत अन्न बनवितांना सारखा प्राणवायु सोडीत असतात! एकाच घरांत हीं दोन कामें चालावयाचीं कशीं? म्हणून जेव्हां पाण्यांत नायट्रोजनाचें तयार अन्न उरत नाहीं, तेव्हां माळेंतली एखादी पेशी वेगळी होते. ती स्वतःभोंवतीं जाड कवच चढविते, प्राणवायु सोडणारी आपली यंत्रणा बंद करते आणि शर्करेसाठीं शेजारणींवर अवलंबून राहते. त्या तिला शर्करा देतात, ती त्यांना नायट्रोजनाचें अन्न देते. हें स्थित्यंतर साधारण एका दिवसांत पुरें होतें. पहिल्या कांहीं तासांत बाहेरून अन्न मिळालें तर ती मागें फिरूं शकते, त्यानंतर नाहीं. पुढें ती कधीं विभागत नाहीं. तिचा वंश तिच्यापाशींच संपतो.

"मग ह्या पेशीचीं जनुकें मुळांतच निराळीं असतात कीं काय?" आम्हीं विचारलें.

"छे! सगळ्यांचीं जनुकें तींच. सगळ्या एकाच पेशीच्या लेकी."

येथें तिनें आम्हांला पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत नेलें. झाक मोनो ह्यांना असें आढळलें होतें कीं, आंतड्यांतल्या एका जीवाणूला द्राक्षशर्करा आणि दुग्धशर्करा एकत्र वाढल्या तर तो आधीं पहिली संपवितो, मग क्षणभर हात आंखडतो, आणि मग दुसरीला लागतो. १९६१ सालीं मोनो व फ्रांस्वा झाकोब ह्यांनीं त्याचें मर्म मांडलें. दुग्धशर्करा पचविणारीं जनुकें जीवाणूपाशीं असतातच, पण एक पहारेकरी रेणु त्यांना अडवून धरतो. दुग्धशर्करा आंत आली कीं तिच्यापासून झालेला एक पदार्थ त्या पहारेकऱ्याला बाजूस सारतो. ह्या कार्यासाठीं त्या दोघांना, आंद्रे ल्वॉफ ह्यांच्यासह, १९६५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. घरांत असलेलीं सगळीं भांडीं कोणी रोज चुलीवर चढवीत नाहीं. कोणतें केव्हां काढावयाचें हें ठरविणारें कोणीतरी असतें. तें कोण, हा ह्या शास्त्राचा प्रश्न.

अ‍ॅनाबीनेच्या बाबतींत त्याचा शोध शिकागो विद्यापीठांत रॉबर्ट हॅसेलकॉर्न आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं घेतला. १९८५ सालीं त्यांच्या प्रयोगशाळेंतील जेम्स गोल्डन प्रभृतींना एक विलक्षण गोष्ट सांपडली. नायट्रोजन पकडण्यास लागणाऱ्या एका जनुकांत अकरा हजार अक्षरांचा एक तुकडा घुसलेला असतो. हिरव्या पेशींत तो तसाच राहतो. जी पेशी निराळी व्हावयाची तिच्यांत मात्र तो कापला जाऊन दोन्ही टोंकें जुळतात, आणि मोडकें जनुक सलग होतें. १९९१ सालीं हॅसेलकॉर्न व ब्विकेमा ह्यांनीं 'निराळी हो' असा हुकूम सोडणारें जनुक ओळखलें. आणि १९९८ सालीं गोल्डन व यून ह्यांनीं जें दाखविलें तें ऐकून आम्ही सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

जी पेशी निराळी होऊं लागते ती एक इवलासा पदार्थ तयार करते, आणि त्याचा प्रभाव दोन्ही बाजूंच्या शेजारणींवर पडतो. त्याचा अर्थ एवढाच, कीं तुम्ही होऊं नका. म्हणून तर दोन फिकट मण्यांमध्यें हिरव्या मण्यांची एवढी लांब ओळ असते. तो पदार्थ बनविणारें जनुक नाहींसें केलें, तर फिकट पेशी एकीला लागून एक अशा होऊं लागतात.

१९८२ सालीं आमचे वडील गेले. दादा तेव्हां कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आम्ही सातवींत, धाकटी बहीण त्याहून लहान. पुढच्या महिन्यांत दादा लांकडाच्या वखारींत हिशेब लिहावयास बसले. गणितांत त्यांना आमच्याहून कितीतरी अधिक गति होती, हें आज लिहावयास आम्हांस कांहीं वाटत नाहीं. परंतु चाळीस वर्षें तें आम्हीं कोणाला सांगितलें नव्हतें. दहावीची परीक्षा झाल्यावर, लाज वाटून असो वा शौर्य दाखविण्यासाठीं असो, आम्हींही घरीं न सांगतां एका किराणा दुकानांत काम धरलें. तिसऱ्या दिवशीं दादा दुकानांत आले. मालकाला नमस्कार केला, आमचा हात धरला, आणि वाटेंत एवढेंच म्हणाले, "घरांत एक पुरे झाला." त्यानंतर तो विषय निघाला नाहीं.

आमच्या नोकरीला पंचवीस वर्षें झालीं तेव्हां विद्यार्थ्यांनीं आमचा सत्कार केला. उत्तरादाखल बोलतांना आम्ही म्हणालों, कीं विद्येची ओढ ही आमच्या रक्तांतच होती. वाक्य चांगलें बसलें होतें, टाळ्याही पडल्या. दादा मागच्या रांगेंत होते. त्यांनींही टाळ्या वाजविल्या.

रक्तांत! त्या माळेंतल्या एकेका मण्याच्या रक्तांत, पेशीला रक्त असतें असें धरलें तर, सगळें सारखेंच होतें. हिरवा मणी हिरवा राहिला तो स्वतःच्या गुणानें नव्हे. शेजारच्यानें त्याला तसें राहूं दिलें म्हणून.

उपमा फार ताणूं नये हें वर्गांत आम्हीच सांगत असतों, आणि पुतणीनेंही आम्हांला तेथेंच थांबविलें. "काका, पेशीला त्याग वगैरे कांहीं कळत नाहीं. माळेंत ती कुठें आहे, आणि थोडा योगायोग, एवढ्यानें ठरतें." तिचें म्हणणें बरोबर आहे. पेशीवर हुकूम होतो आणि ती निराळी होते. दादांना कोणाचाही हुकूम नव्हता. आईनें उलट शिकण्याचाच आग्रह धरला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादा खराटा घेऊन विहिरीच्या काठावरचें शेवाळ घासतांना दिसले. आम्ही जेथें पडलों होतों तीच जागा. आम्ही जपून पायरीवर उभे राहिलों आणि विचारलें, "दादा, तुम्हांला पुन्हां कॉलेजांत जावेंसें कधीं वाटलें नाहीं?"

त्यांनीं खराटा थांबविला नाहीं. "वाटलें होतें," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षीं फी भरण्याची तारीखसुद्धां पाहून ठेवली होती. पण त्या महिन्यांत तुझीं पुस्तकें घ्यावयाचीं होतीं." मग बादलीकडे बोट करून म्हणाले, "तेवढें पाणी ओत इकडे. आणि चपला काढ आधीं, नाहीं तर पुन्हां पडशील."

आम्हीं चपला काढल्या व पाणी ओतलें.