एका दांताचा पूर्वज

जॉर्जियाच्या दक्षिणेस द्मानिसी येथें, दोन नद्यांच्या संगमावरील उंच कड्यावर, एका मध्ययुगीन नगराचे अवशेष आहेत. तेथील धान्याचीं पेवें उकरीत असतां १९८३ सालीं गेंड्याचा एक दांत हातीं आला. आणि तो गेंडाही असा, कीं त्याची जात नष्ट होऊन कित्येक लक्ष वर्षें लोटलेलीं! ज्या गृहस्थानें धान्यासाठीं तें पेव खणलें, तो नकळत पुराणवस्तुशास्त्राची पहिली कुदळ मारून गेला होता. १९९१ मध्यें मानवी जबडा मिळाला, आणि पुढें एकामागून एक पांच कवट्या. त्यांचें वय सुमारें १७.७ लक्ष वर्षें. आफ्रिकेबाहेरच्या जुन्यांत जुन्या मानवी अस्थींत यांची गणना होते.

मेंदू मोठा झाला, हत्यारें सुधारलीं, मगच मानव आफ्रिकेबाहेर पडला, असें पंडित पूर्वीं सांगत. द्मानिसीच्या एका कवटींतील मेंदू अवघा ५४६ घनसेंटिमीटरांचा. आपला साधारण १,३५० चा. हत्यारें म्हणजे नदींतल्या गोट्यांचे ओबडधोबड छिलके. एवढ्या शिदोरीवर हे लोक कॉकेशसपर्यंत पोंचले. ‘स्थलांतर’ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बोचकीं बांधून निघालेला तांडा उभा राहतो. पण आपण कोठें निघालों आहों, याची त्यांतील कोणालाही जाणीव असण्याचें कारण नव्हतें. दर वीस वर्षांच्या पिढीनें पांच किलोमीटर पुढें सरकावें, एवढें धरलें तरी पांच हजार किलोमीटरांस एक हजार पिढ्या, म्हणजे वीस हजार वर्षें पुरतात. आणि भूगर्भाच्या हिशेबांत तीं कांहींच नव्हेत.

मला मात्र या सगळ्यांत एका कवटीचें फार कुतूहल वाटतें. तिचें वर्णन २००५ सालीं प्रसिद्ध झालें. ती एका वयस्क माणसाची असून त्याच्या तोंडांत एकच सुळा उरला होता. बाकीच्या दांतांचे खळगे हाडानें भरून आलेले आहेत. अर्थात् दांत गेल्यावरही तो कित्येक वर्षें जगला.

आमच्या आजीच्या तोंडांत अखेरचीं दहा वर्षें एकही दांत नव्हता. तिचा विडा खलबत्त्यांत कुटून देण्याचें काम माझ्याकडे असे, आणि सुपारीचा कण राहिला तर “मेल्या, हात मोडले का तुझे?” हा प्रसादही मलाच मिळे. भाकरी दुधांत कुस्करणारें, भात मऊ शिजविणारें घरांत कोणी ना कोणी होतेंच. द्मानिसीच्या त्या माणसाला कोणीं कुस्करून दिलें?

कांहीं शास्त्रज्ञ म्हणतात, टोळीनें त्याला पोसलें असावें. करुणेचा हा फार जुना पुरावा. इतर म्हणतात, दांत गमावलेले वानरही रानांत जगतात. हाडांतल्या मगजाला दांत लागत नाहींत, आणि गोट्यानें हाड फोडणें त्याला स्वतःलाही शक्य होतें. आक्षेप रास्त आहे. बत्ता सांपडला, तरी कोणीं कोणासाठीं कुटलें हें त्यावरून कसें कळावें? परंतु द्मानिसींत हिवाळ्यांत फळें दुर्मिळ, मांसावरच भिस्त. आणि त्याच कड्यावर तलवारीसारख्या सुळ्यांच्या मार्जारांचीं हाडें निघालीं आहेत. मेलेल्या जनावरापर्यंत वेळेवर पोंचणें, त्यावरून असल्या श्वापदांना हुसकणें, हें एकट्या म्हाताऱ्याचें काम नव्हे. मगज त्यानें स्वतः काढून खाल्ला असेल. पण तें हाड त्याच्यापर्यंत आणलें कोणीं, आणि एका हिवाळ्यामागून दुसऱ्या हिवाळ्यांतही कां आणलें?