पैनगंगेच्या वळणावरचे माहूर

नांदेडहून माहूरला जाणारा रूढ रस्ता हदगाव सोडल्यावर पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरतो, उमरखेड व महागाव मागे टाकतो आणि धनोड्याजवळ तीच नदी पुन्हा ओलांडून नांदेड जिल्ह्यात परततो. म्हणजे मराठवाड्यातल्या एका गावाहून मराठवाड्यातल्याच दुसऱ्या गावी पोहोचण्यासाठी प्रवाशाला मधला बराचसा प्रवास विदर्भातून करावा लागतो. नकाशावर विचित्र वाटणाऱ्या या वाटेतच माहूरच्या इतिहासाचे सूत्र दडलेले आहे. अकबराच्या काळी माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक ‘सरकार’, म्हणजे अनेक परगण्यांचा मिळून झालेला महसुली विभाग होते. पुढे 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला तेव्हा पैनगंगा सरहद्द ठरली, नदीच्या दक्षिणेचे माहूर निजामाच्या राज्यात राहिले आणि सप्टेंबर 1948 पर्यंत तेथेच होते. वऱ्हाडशी असलेला जुना संबंध कागदावर तुटला, व्यवहारात मात्र नदीपलीकडच्या पुसदकडची माणसे माहूरच्या रेणुकादेवीला येत राहिली.

पैनगंगा ही मालवाहतुकीची नदी नव्हे, म्हणून माहूरचा बाजार घाटावर न भरता डोंगराच्या पायथ्याशी आणि देवळाच्या पायऱ्यांवर भरतो; नदीचे काम होते ते वळसा घालून माहूरगडाची, म्हणजे इथल्या डोंगरी किल्ल्याची, पाठराखण करण्याचे. या आडव्या पाण्यामुळे आणि भोवतीच्या सागाच्या जंगलामुळे वऱ्हाड व तेलंगण यांच्या दरम्यानची वाट सांभाळण्यासाठी हा किल्ला मोक्याचा ठरला. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सुलतान अहमदशहा वली याने तो जिंकला, त्यानंतर तो वऱ्हाडच्या इमादशाहीकडे, 1574 मध्ये इमादशाही बुडाल्यावर अहमदनगरच्या निजामशाहीकडे आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगलांकडे गेला. मोगलांच्या बाजूने येथे वतन सांभाळणाऱ्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातील सावित्रीबाई ‘रायबागन’ या बादशाही किताबाने ओळखल्या जातात. फेब्रुवारी 1661 मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने मोगल सरदार कारतलबखानाला कोंडीत पकडले, तेव्हा शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला त्यांनीच दिला, असे इतिहासात नमूद आहे. शत्रुपक्षातील म्हणून त्यांच्याकडे मराठी वाचकाचे काहीसे दुर्लक्षच झाले, हे न्याय्य नव्हे.

गडाची तटबंदी, हत्ती दरवाजा आणि बुरूज पाहून रेणुकेच्या डोंगराकडे वळले की इतिहासाची जागा कथा घेते. परशुरामाने पिता जमदग्नी यांचे कलेवर कावडीतून आणले, दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून कोऱ्या, म्हणजे पूर्वी दहन न झालेल्या भूमीवर त्यांचे अंत्यसंस्कार केले, रेणुका सती गेली आणि पुढे तिचे केवळ मुख भूमीतून प्रकटले, अशी ती कथा आहे. गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नसून शेंदरी तांदळा, म्हणजे घडीव अवयवांविना असलेले मुखच पुजले जाते. शेजारच्या शिखरांवर दत्त आणि अनसूया यांची स्थाने आहेत. महानुभावांनाही माहूर दत्तात्रेय प्रभूंमुळे पवित्र वाटते, आणि अंबाजोगाईचे दासोपंत तपासाठी याच डोंगरांत येऊन राहिले होते. एकाच परिसरात इतक्या पंथांची ये-जा असल्याने बाजाराला कोणत्या ना कोणत्या तिथीचे निमित्त मिळत राहते: आश्विनात नवरात्र, श्रावणी पौर्णिमेला गडाची परिक्रमा आणि मार्गशीर्षात दत्तजयंती.

पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दुकाने लागतात. हळदकुंकवाचे ढीग, खणनारळ, हिरव्या बांगड्या, कवड्यांच्या माळा, परड्या आणि देवघरात पूजण्यासाठी पत्र्यावर देवाची आकृती उठवून केलेले टाक, हा माल इतर देवीस्थानांतही मिळतो. तांबूल मात्र माहूरची खास ओळख आहे. नागवेलीची पाने सुपारी, कात, चुना, बडीशेप, वेलदोडे यांच्यासह खलबत्त्यात कुटून त्याचा हिरवट-तांबूस गोळा करतात, तो देवीच्या मुखाला लावतात आणि मग प्रसाद म्हणून वाटतात. नुसता विडा पुढे ठेवला तर तो नैवेद्यच राहतो, तर कुटलेल्या तांबुलात दात नसलेल्या वृद्धालाही वाटेकरी होता येते. दुकानांतून घुमणारा बत्त्याचा आवाज पायऱ्या चढताना बराच वेळ सोबत करतो, आणि कातामुळे विक्रेत्यांच्या बोटांवर चढलेला तांबडा रंग सहज उतरत नाही.

नवरात्राच्या सुमारास या बाजारात जंगलही उतरते. गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्त्यांतील बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन रस्त्याकडेला बसतात, घासाघीस मराठीत होते, आपसातील बोलणे गोंडी, कोलामी किंवा गोरमाटीत चालते, आणि तेलंगणातून आलेला भाविक तेलुगूत भाव विचारतो तेव्हा त्यालाही उत्तर मिळते. सरहद्दीवरच्या गावाला एकाच भाषेत व्यापार करणे परवडत नाही. माहूर गावालगतच्या, राष्ट्रकूटकालीन मानल्या जाणाऱ्या पांडवलेण्यांकडे मात्र या गर्दीतला क्वचितच कोणी फिरकतो. तिथले जाड खांब आणि प्रशस्त दालन पाहायचे तर यात्रेचा दिवस टाळलेला बरा, कारण त्या दिवशी वाहने उभी करायला गावात जागाच उरत नाही.