रुंदीचा रुबाब

आपल्याकडे रुंदीला फार मान. छाती रुंद हवी, लुगड्याचा काठ रुंद हवा, घराची ओटी रुंद हवी. तेव्हा माझ्या भाच्याने मोटारीला मूळच्यापेक्षा रुंद टायर चढवले, यात नवल ते काय! "मामा, आता गाडी रस्ता सोडायची नाही," असं त्याने मला छातीवर हात ठेवून सांगितलं.

कोरड्या रस्त्यापुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. रुंद टायरवरची गाडी वळणावर कमी डगमगते. स्टिअरिंग फिरवताच आज्ञाधारक मुलासारखी वळते. पण गंमत अशी, की गाडीचं वजन आणि हवेचा दाब तोच असेल, तर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जवळजवळ तेवढाच राहतो. बदलतो तो आकार. माझ्या जुन्या मारुती ८०० चा १४५ मिलिमीटर रुंदीचा टायर जमिनीवर होडीसारखा लांबट टेके. भाच्याचा २०५ चा टेकतो तो पाटासारखा आडवा.

आता होडी आणि पाट पाण्यात ढकलून पाहा. होडी पाणी दुभंगून जाते. पाटापुढे पाणी तुंबतं. वेग वाढला, की टायरखाली पाण्याची पाचर शिरते, रबर रस्ता सोडतं आणि स्टिअरिंग एकाएकी हलकं होतं. मग ब्रेक दाबून उपयोग काय? चाकाखाली रस्ताच नसतो! 'नासा'च्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरांसाठी एक सूत्र मांडलं. त्यात ३० पौंड दाब घातला, तर तुंबलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग येतो ताशी सुमारे ९० किलोमीटर. हवा कमी, तर हा वेगही कमी.

भाचा गौरीगणपतीला याच गाडीतून माझ्या बहिणीला मुंबईहून पुण्याला आणतो. भाद्रपदातला पाऊस आणि मागच्या सीटवर सत्तरीची ताई! मी त्याला एवढंच म्हटलं, "रुंदी राहू दे रे. खाचा खोल आहेत ना? हवा बरोबर आहे ना? आणि पाऊस लागला, की काटा साठाखाली आण."

कारण टायरखालचं पाणी वाहून नेतात त्या खाचा, आणि रुंद टायरला त्यांची गरज अधिक. कायदा निदान १.६ मिलिमीटर खोली मागतो. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. झिजलेलं रबर त्यांच्या बरोबरीला आलं, की टायर संपला. दिवाळीत रस्ते कोरडे असतात, म्हणून आजच सांगून ठेवतो: ज्येष्ठ लागण्याआधी एकदा गाडीपाशी उकिडवे बसा आणि ते उंचवटे बोटाने चाचपून पाहा.