मुका ‘बी’

“पेन्शनवाल्या आजोबांची सही नमुन्याशी जुळत नाही. उद्या येतील तेव्हा सांगा, पण जरा सटल रीतीने,” साहेब म्हणाले. मी पडलो बी.कॉम.; मला ऐकू आलं ‘सेटल’! म्हणजे खातंच बंद करायचं की काय?

घरी मुलीचा शब्दकोश उघडला. जन्मभर ज्याला ‘सब्टल’ म्हणत आलो, तोच हा सटल! अर्थ : सूक्ष्म, तरल, चटकन ध्यानात न येणारा. मूळ लॅटिन शब्दाचं नातं म्हणे बारीक विणीच्या कापडाशी. फ्रेंचमधून येताना त्यातला ‘बी’ गळाला. पुढे पंडितांनी लॅटिनच्या आदरापोटी तो लिहिण्यात परत आणला, बोलण्यात नाही. असायचं, पण ऐकू यायचं नाही!

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. हात थरथरत होता.

“आजोबा, आमचं हे पेन भारी वात्रट आहे. बसून सावकाश करा सही. मी थांबतो.”

तिसऱ्या खेपेला सही जुळली. पेन परत देत आजोबा हसले. म्हणाले, “पेन चांगलं आहे हो तुमचं.”

थरथरत्या हाताचा उच्चार दोघांनीही केला नाही. ‘बी’ आपल्या जागेवर होता. मुका.