बाटलीवरचा जीव



प्रत्येक घरात एखादी वस्तू अशी असतेच, की तिची कंपनी बदलली तर पहिल्याच घासाला सगळे ताटावरून मान वर करतात. चहापत्ती, हिंग, लोणचं, आणि हल्ली सगळ्यांत जास्त म्हणजे टोमॅटो सॉस. आपण बँक बदलतो, डॉक्टर बदलतो, पण सॉसची बाटली मात्र तीच लागते. माझ्या भावाकडे किसान, बहिणीकडे मॅगी. दोघांनाही एकमेकांच्या घरचा सॉस गोडमिट्ट लागतो. दोघांचे डोळे बांधून चाखायला दिलं तर कोण कोणता सांगेल देव जाणे, पण वाद मात्र तीस वर्षांचा आहे! दशलक्षण जवळ आलं आहे, म्हणून या वेळी जिभेच्या या निष्ठेबद्दल थोडं लिहिते.

जैन घरात ही निष्ठा जिभेच्या आधी डोळ्यांपासून सुरू होते. बाटली हातात घेतली की आपण आधी मागची बाजू वाचतो. हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होणाऱ्या नव्या सुनांना मी नेहमी सांगते, की तो ठिपका फक्त मांस, मासे, अंडी नाहीत एवढंच सांगतो. कांदा, लसूण, बटाटा त्या ठिपक्याच्या हिशेबात शाकाहारीच. म्हणून घटकांची यादी शेवटपर्यंत वाचायची. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, त्यामुळे कांद्याची आणि लसणाची पूड हमखास तळाशी, बारीक अक्षरांत असते. कधी नुसतं 'मसाले' एवढंच लिहिलेलं असतं. तिथे ज्याने त्याने आपापला निर्णय घ्यावा. मी अशी बाटली परत फळीवर ठेवते. याच क्रमाचा दुसरा उपयोग म्हणजे साखर किती वर आहे तेही कळतं. बऱ्याच बाटल्यांत जवळपास पाव हिस्सा साखरच असते.

पूर्वी आपल्यासाठी पर्यायच नव्हता. घरी टोमॅटो शिजवून, गाळून, लवंग-दालचिनीची पुरचुंडी सोडून सॉस करायचा आणि दोन दिवसांत संपवायचा. मग किसान आणि मॅगी दोघांनीही कांदा-लसूण नसलेली बाटली काढली आणि आपली मंडळीही दोन गटांत विभागली. आमच्या केळझरच्या दुकानात साधी बाटली मिळते, ही वेगळी मागवावी लागते. म्हणून वर्धेला कुणी निघालं की यादीत सॉस असतोच.

मी बी.कॉम. झालेली. आमच्या अकाउंट्सच्या पुस्तकात 'गुडविल' नावाची एक नोंद असायची. जागा नाही, यंत्र नाही, माल नाही, तरी ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला तिची किंमत मांडलेली. तेव्हा मला ते मोठं गूढ वाटायचं. संसार केल्यावर कळलं, की गुडविल म्हणजे आपण बाटलीवर लावलेला जीव. किसानचंच बघा. हे नाव बरीच वर्षं मल्ल्यांच्या यूबी समूहाकडे होतं, ज्यांचा मुख्य धंदा बिअरचा. 1993 मध्ये ते ब्रुक बाँडकडे गेलं आणि पुढे ती कंपनी हिंदुस्थान लीव्हरमध्ये मिसळली. मालक बदलत गेले, पण मुलांच्या डब्यातल्या पोळीवर जॅम आणि सॉस तोच राहिला. विकणाऱ्याने विकलं आणि घेणाऱ्याने घेतलं ते त्या डब्यावरचं प्रेम! मॅगीच्या हॉट अँड स्वीटची पंकज कपूर आणि जावेद जाफरीची जाहिरात आठवते? 'इट्स डिफरंट' एवढंच सांगायची. काय वेगळं आहे ते सांगायची तिला गरजच पडली नाही.

त्यातून या केचपचा इतिहास वाचाल तर हसाल. हा शब्द मुळात दक्षिण चीनच्या होक्कियन बोलीतला, आणि तिथे त्याचा अर्थ माशांना मीठ लावून आंबवून काढलेलं पाणी! इंग्रज व्यापाऱ्यांनी ती चव विलायतेत नेली, तिथे अळंबीचं आणि अक्रोडाचं केचप झालं. टोमॅटो फार उशिरा आला. 1812 मध्ये फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ यांनी त्याची कृती छापली आणि 1876 मध्ये हाइन्झने बाटली बाजारात आणली. म्हणजे ज्या पदार्थावर 'जैन' असा शिक्का आपण शोधत बसतो, त्याच्या पूर्वजाला आपल्या गल्लीतही प्रवेश मिळाला नसता.

बाहेरच्या बाटलीला हसणं सोपं आहे, आपल्या डब्यांचंही पाहू. आम्हा वऱ्हाडी-झाडीपट्टीच्या बायकांचा वायगावच्या हळदीवर किती जीव! ती आमच्याच जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातली, आणि 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. ओली हळद कंद म्हणून आपल्याला चालत नाही, वाळलेली चालते, आणि तीही वायगावचीच लागते. मिरची भिवापूरची. पुण्याच्या हुकमीचंद चोरडियांनी 1962 मध्ये सुरू केलेले प्रवीण मसाले अर्ध्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात आहेत, आणि त्यांच्या कांदा-लसूण मसाल्यावर जीव टाकणारी घरं मी पाहिली आहेत. आपल्या घरात तोच मसाला उंबऱ्याबाहेर आणि हिंगाची डबी देवासारखी जपलेली! तीही ठरलेल्या कंपनीचीच.

शास्त्राने हे सगळं फार आधी ओळखलं होतं. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं सांगितली आहेत. उपवास पहिला, कमी जेवणं दुसरं आणि चौथा रसपरित्याग. पोट भरलेलं असतानाही जी मागते ती जीभ, म्हणून तिच्यासाठी वेगळं तप. आपल्याकडे वारांचे नियम त्यातूनच आले. रविवारी मीठ नाही, मंगळवारी गोड नाही, बुधवारी तूप नाही, शनिवारी तेल नाही. आमच्या जिल्ह्याला तर हे नवीन नाही. सेवाग्राम इथून फार लांब नाही. गांधीजींच्या एकादश व्रतांत 'अस्वाद' हे एक व्रत होतं आणि ते पाहुण्यांच्याही ताटात कडुनिंबाच्या पाल्याची चटणी वाढायचे. चटणीचा उपयोग चव मारायला करणारे तेच एकटे असावेत! आणि आमचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी असं इथे पिढ्यान् पिढ्या मानतात. रोज गाडाभर अन्न आणि वर एक माणूस मागणाऱ्या बकासुराचं गाव. तो बकासुर भीमाने मारला म्हणतात. माझ्या मते तो प्रत्येकाच्या तोंडात थोडा थोडा शिल्लक आहे.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. माझा मुलगा बुटीबोरीला नोकरीला जातो, सून आणि आठ वर्षांचा नातू आमच्याजवळच असतात. या नातवाला सॉसशिवाय घास उतरत नाही. धिरड्याला सॉस, उपम्याला सॉस, एकदा वरणभातालाही मागितला. भाद्रपद शुद्ध पंचमीला देवदर्शन करून आल्यावर घरातले सगळे आपापला नियम सांगत होते. मी एकाशन, हे हिरवी भाजी सोडणार, सून चहा. नातू म्हणाला, "मी दहा दिवस सॉस खाणार नाही." आम्ही हसलो. हसल्या नाहीत त्या फक्त माझ्या सासूबाई. वय एकोणनव्वद. त्यांनी त्याला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, जमेल न? नियम घेतला की मोडायचा नसतो. पाहिजे तर पाचच दिवस घे." तो म्हणाला, "दहाच."

तीन दिवस गेले. चौथा दिवस उत्तम शौचाचा, म्हणजे लोभ सोडण्याचा. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायला बसलो आणि नेमकी त्याच्या आवडीची धिरडी. त्याने एक तुकडा तोडला, ताटाकडे पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी. रडला नाही, पण खाईनाही. सून हळूच मला म्हणाली, "आई, लहान आहे तो. थोडासा देऊ का?" तिचा जीव तुटत होता, माझाही. लेकराला उपाशी उठवायचं का, आणि नियम मोडू दिला तर त्याला उद्या कशाचा नियम धरता येईल, असे दोन्ही प्रश्न माझ्यासमोर होते. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सासूबाईंनी आपल्या ताटातली जवसाची चटणी उचलून बाजूला ठेवली. मैत्रिणींनो, ही चटणी म्हणजे त्यांचा सॉस. जवस त्या स्वतः निवडतात. पावसाळ्यात दळलेल्याची मर्यादा तीन दिवसांची, म्हणून दर तिसऱ्या दिवशी नवी कुटून घेतात. दुसऱ्या कुणाच्या हातची त्यांना चालत नाही, माझ्या हातचीही चाळीस वर्षांत जेमतेम चालायला लागली आहे. त्या नातवाला म्हणाल्या, "मीबी सोडते आजपासून. तू नि मी, दोघं मिळून कोरडं खाऊ." त्याने विचारलं, "तुला पण रडू येईल?" त्या म्हणाल्या, "येईल थोडंसं."

दोघांनी कोरडं धिरडं खाल्लं. उरलेले दिवस दोघं शेजारी बसायचे आणि एकमेकांच्या ताटावर पहारा ठेवायचे. चतुर्दशीपर्यंत नियम पार पडला.

त्या दिवसांत मी माझा हिशेब मांडून पाहिला. रात्रीभोजनाचा त्याग मी लग्नाआधीपासून करते. कंदमुळं तर जन्मापासून जिभेला लागलेलीच नाहीत. हे सारे नियम खरे आहेत आणि शेवटपर्यंत पाळीन, पण आज ते पाळताना मला काहीच पडत नाही. बटाटा सोडला म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. ज्याच्यावर जीव नाही ते सोडण्यात तप किती? आठ वर्षांच्या पोराच्या दहा दिवसांचं वजन माझ्या एकाशनापेक्षा जास्त भरलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून ब्रँडवरच्या प्रेमाला मी आता हसत नाही. आपला राग, म्हणजे आसक्ती, नेमकी कुठे बसली आहे ते या बाटल्या बोट धरून दाखवतात. कंपनीच्या वहीत जे गुडविल म्हणून जमेला आहे, ते आपल्या वहीत बंध म्हणून लिहिलं जातं. मोठमोठे नियम घेण्याआधी एकदा आपली फळी उघडून बघा. कोणती बाटली, कोणती बरणी संपली की तुम्ही त्याच दिवशी माणूस वर्धेला पाठवता? तुमच्यासाठी नियम तिथे आहे.

माझी बरणी मला सापडली आहे. लिंबाचं गोड लोणचं. शास्त्राप्रमाणे लोणच्याची मर्यादा एका दिवसाची, म्हणून मी ते ताजंच करते, पण करते मात्र रोज. यंदा पंचमीपासून दहा दिवस ते बंद. नातवाला सांगून ठेवलं आहे, की पहारा त्याने ठेवायचा.