सवाई सचिन

सुरतेहून मुंबईच्या वाटेला लागलं की उधना, भेस्तान आणि मग सचिन. फलाटावरची ती पाटी वाचून डब्यात कुणीतरी हसतंच. २०२३ साली सुनील गावसकरांनीही या स्थानकाचा फोटो टाकून गेल्या शतकातल्या लोकांच्या दूरदृष्टीचं थट्टेनं कौतुक केलं होतं. गावाच्या नावाचा क्रिकेटशी अर्थातच काही संबंध नाही. मराठी इतिहासाशी मात्र आहे. १७९१ साली जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडायच्या बदल्यात सिद्दी बाळूमियाँला पेशव्यांनी सुरतेजवळचा मुलूख दिला आणि सचिन संस्थान उभं राहिलं. तेव्हा पुण्यात पेशवे होते सवाई माधवराव. चुलता माधवराव, पुतण्याही माधवराव. घरातच एवढं गाजलेलं नाव पुन्हा ठेवताना पेशव्यांकडे कुणाला संकोच वाटला नाही. एकाला थोरले म्हटलं, दुसऱ्याला सवाई, आणि काम भागलं.

आज त्याच सचिनच्या औद्योगिक वसाहतीत, सुरतेच्या पांडेसऱ्यात, लिंबायतीत खानदेशातून आलेल्या मराठी घरांत पाळणा हलतो, तेव्हा आईबापांचा घोर उलटा असतो. नाव कुणाचं नको. चुलतभावाचं नको, शेजाऱ्याचं नको, वर्गात दुसरं कुणी निघेल असं तर नकोच. मुळात एखादं नाव किती चालतं हे आपल्याला कळणार कसं? अमेरिकेत दरवर्षी नावांची सरकारी क्रमवारी निघते, तशी आपल्याकडे नाही. मग सगळा हिशेब सोसायटीतल्या बारशांवरून. सगळेच वेगळं शोधायला निघाले, की रेयांश, शिवांश, देवांश असे एकाच साच्यातले अंश गल्लीभर गोळा होतात. माझं म्हणणं एवढंच, की नाव वेगळं निवडणं आपल्या हातात असतं, ते वेगळं राहणं नसतं. १९७३ साली रमेश तेंडुलकरांनी धाकट्या मुलाला सचिन देव बर्मन यांचं नाव दिलं. अभिनेते सचिन पिळगावकरांमुळे ते मराठी कानाला ओळखीचं झालेलं असलं, तरी होतं बंगाली वळणाचंच, एका रसिक प्राध्यापकाच्या आवडीचं. पुढे नव्वदीत घरोघर सचिन झाले. त्या मुलाच्या बॅटीनंच बापाच्या निवडीचं वेगळेपण संपवलं, आणि याबद्दल कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की हजेरीत तीन सचिन असले की घोळ होतो, बँकेत होतो, ई-मेलचा पत्ता मिळत नाही. घोळ होतो हे खरंच. पण आपल्याकडे नाव एकटं फिरतच नाही. पाठीशी बापाचं नाव, मग आडनाव. गुजरातच्या शाळेत बरेचदा आडनाव आधी, म्हणजे पाटील सचिन अमुक. महाराष्ट्रात मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव मधे आलं. इतक्या आधारानंतर ओळख पटवायचा सगळा भार पहिल्या शब्दावर कशाला टाकायचा?

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे: सर्रास नावानं मुलाचं स्वत्व झाकोळतं. इथे मला सातारा आठवतो. मुलगाच हवा म्हणून ज्या मुलींचं नावच ‘नकोशी’ ठेवलं, त्यांची नावं २०११ साली जिल्हा परिषदेनं समारंभ करून बदलली. अडीचशेवर मुली होत्या. जन्मभर टोचणाऱ्या नावातून सुटून स्वतःसाठी नवं नाव घ्यायची संधी आली, तेव्हा त्यांच्यातल्या कुणी ऐश्वर्या झाल्या, कुणी वैशाली. म्हणजे दहाजणींची असतात तीच नावं. त्यांना उठून दिसायचं नव्हतं, चारचौघींत बसायचं होतं. सर्रास नावात ही ऊब असते, आणि ती ज्यांना सहज मिळालेली असते त्यांनाच बहुधा तिचा कंटाळा येतो. एक मात्र मान्य: नाव अनेकांचं असणं सोसतं, एकाच फार मोठ्या माणसाचं असणं जड जातं. नव्वदीतल्या कितीतरी सचिनांना पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाल्यावर काय काय ऐकावं लागलं असेल!

गंमत अशी, की स्थानकापाशी हसणाऱ्या गावसकरांनी स्वतःच्या मुलासाठी नाव आणलं ते थेट गयानाच्या रोहन कन्हायचं, वर जयसिंहा आणि विश्वनाथ मिळून ‘जयविश्व’ जोडलं. १९७६ साली ते नवलाचं वाटलं असेल. नंतर मराठी बिल्डिंगीत एका मजल्यावर ‘रोहन’ म्हणून हाक मारली की दोन दारं उघडू लागली. जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना वर्षभर फुकट भरता येतो, विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंतही. पण बारशाच्या दिवशी जळगावहून ताप्ती लाइनच्या गाडीनं आलेली आत्या पाळण्याशी वाकलेली असते, पाठीवर बायकांच्या थापा पडत असतात, आणि बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून तिला काहीतरी म्हणावंच लागतं.