मागच्या चाकातली गादी

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सौ.ला मागे बसवून अकोल्याहून मेडशीला परत येत होतो. पातूर मागे पडले, घाट लागला. पाऊस नुकताच उघडला होता. पुढे एक ट्रक रखडत चढत होता, म्हणून गिअर उतरवला आणि मूठ पिळली. तोच खाली 'काड्' असा आवाज झाला आणि मागचे चाक जागच्या जागी जाम झाले. चेन तुटून पुढच्या चक्रीत गुंडाळली होती. गाडी घसरत जाऊन कडेच्या मुरमावर आडवी झाली. मागून काही येत नव्हते म्हणून आज हे लिहायला मी आहे. मला खरचटले तेवढेच, पण सौ.चे मनगट मोडले. सोयाबीनच्या ऐन निंदणात तिचा हात दीड महिना गळ्यात होता.

चूक माझी होती, आणि तीही एका दिवसाची नव्हे.

ही मोटारसायकल मी २०२२ मध्ये जुनी घेतली. उंच, लांब शॉकॲब्सॉर्बरची, डांबरावर आणि शिवारात दोन्हीकडे चालणारी. माझी नोकरी बांधावर जायची, आणि पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. आधीचा मालक हौशी पोरगा. मातीवरच्या शर्यतीत पळवायला म्हणून त्याने मागचे चाक बदलून हलके, शर्यतीचे बसवले होते. मी गाडी घेताना रंग पाहिला, टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला. चाकाच्या पोटात काय आहे ते कोण पाहतो?

नवा चेन सेट सहा-सात हजार किलोमीटरमध्येच संपला. दुसरा टाकला, तोही त्याच वाटेने निघाला. मूठ सोडून पुन्हा पिळली की गाडी हिसका द्यायची. मी चेन ताणत राहिलो, तेल घालत राहिलो. पीक पिवळे पडले की आधी मूळ बघा, पाणी साचले आहे का बघा, लगेच युरिया फेकू नका, असे मी तीस वर्षे सांगत आलो. स्वतःच्या गाडीला मात्र युरियाच फेकत होतो.

गावातल्या मिस्त्रीने चाक खोलले आणि माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "सायेब, याच्यात ड्रम रबरच नाई जी. हे चाक मातीचं हाये, डांबराचं नाई."

मग त्याने दुकानातल्या दुसऱ्या गाडीचे चाक समोर ठेवून समजावले. आपल्या रोजच्या मोटारसायकलींत मागची चक्री चाकाच्या हबला थेट जखडलेली नसते. हबमध्ये खण असतात, खणांत रबराचे जाड तुकडे, आणि चक्रीच्या बैठकीची पाती त्या रबरांच्या मध्ये बसतात. चक्री आधी रबर दाबते आणि रबर चाकाला फिरवते. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट होतो, म्हणजे जोर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. मिनिटाला ४००० फेरे धरले तर सेकंदाला तेहतीस ठोके. ते रबर गिळते. रबर नसले की प्रत्येक ठोका चेनवर, चक्रीच्या दातांवर आणि गिअरबॉक्सच्या दांड्यावर जातो. ऑइल इंजिनावर पट्टा असतो, तो थोडा घसरतो, ताणतो. लोखंडी चेनला ती सवलत नाही.

मग शर्यतीच्या गाडीचे कसे भागते? तिथे माती असते. जोर आला की चाक मातीत थोडे घसरते आणि हिसका तिथेच जिरतो. डांबरावर टायर घट्ट धरतो, घसरत नाही. आमचा अकोला–वाशिम रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. मी पांदणीला घाबरून चेन जपत होतो, आणि ती झिजत होती चांगल्या रस्त्यावर! वखर धरणाऱ्याला हे लवकर उमजेल. फास भुसभुशीत रानात अडली तर ढेकूळ हलते, खडकाला अडली तर जूच कडाडते.

त्याच मॉडेलचा रबराचा हब मागवला. रिम चांगली होती, ती ठेवली. पण नव्या हबचा घेर मोठा, म्हणून जुने आरे लांब पडले. नवे आरे आणून अकोल्यात चाक बांधून घेतले आणि त्याचा आऊट काढला. रबर बसवताना मिस्त्रीने ग्रीस लावू दिले नाही, त्याने रबर फुगते. साबणाचे पाणी लावून दाबून बसवले. बेअरिंग नवी घातली. बुश एका बाजूला जरा जाड निघाला, तेवढ्याने चेन तिरकी धावली असती, म्हणून दोन्ही चक्र्यांना दोरी लावून सरळ रेषा जुळवली. मजुरीसह साडेसात हजार लागले. आधीच वाया घालवलेले चेन सेट आणि मनगटाचा खर्च यांची बेरीज मी सौ.समोर केली नाही. तिने केलेली असणारच.

ती पुन्हा गाडीवर बसायला दिवाळी उजाडली. आता हिसका लागत नाही, तरी घाट आला की खांद्यावरचा तिचा हात आवळतोच.

तुमच्याकडे बहुधा साधी गाडी असेल, तिच्यात हे रबर असतेच. पण दुधाच्या कॅन, खताची पोती आणि वर दोन माणसे वाहून ते चपटे होते, चुरते. पुष्कळ गाड्यांत पंक्चरसाठी चाक काढले की ते हबमध्ये उघडेच दिसते. चक्रीची बैठक पुन्हा बसवून हाताने पुढे-मागे पिळून बघावी. घट्ट, किंचित दबणारी असली तर ठीक. सैल खुळखुळत असली तर सगळे तुकडे एकदम बदलावेत. चेन सेटच्या मानाने ते स्वस्त पडतात.

परवा शेजाऱ्याच्या मुलाचे चाक पंक्चरला निघाले होते, तेव्हा मी वाकून पाहिले. रबराच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबलेले. "काका, चालते ना अजून," म्हणाला. रोज सकाळी तो दोन कॅन दूध घेऊन त्याच गाडीने जातो. संध्याकाळी त्याच्या वडिलांकडे जाऊन बसणार आहे.